येष्टी तशी बी जाणारच

भोसरी हे गाव देशाला ठाऊक झालं ते २०१३ साली, एका शर्टामुळे. इथल्या एका सावकारानं तीन किलोंहून जास्त सोन्याचा शर्ट करून घेतला. किंमत कोटीच्या वर. परदेशी वर्तमानपत्रांनीही फोटो छापले. सोनं किती लागलं, कारागीर किती बसले, अंगाला टोचतो का, सगळं विचारून झालं. गावातल्या म्हाताऱ्यांना मात्र कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांच्याकडून उलट एकच प्रश्न आला असता : "खिसा हाय का त्येला?"

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात गुंठामंत्री ही जमात चटकन ओळखू येते. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर. शेती होती तेव्हा माणसं एकरात बोलायची आणि सोसायटीच्या कर्जात जगायची. आता गुंठ्यात बोलतात आणि फॉर्च्युनरमधून उतरतात. गळ्यात साखळी, मनगटात कडं, चौकात वाढदिवसाचा फ्लेक्स. हा माणूस लांबूनही दिसतो. त्याची आजी दिसत नाही, कारण ती वाकलेली असते. एकतर झाडत असते, नाहीतर निवडत असते, नाहीतर रस्त्यावर पडलेला खिळा उचलत असते. खिळा टायरमध्ये घुसू नये म्हणून नव्हे. खिळा चांगला असतो म्हणून.

ही कुणी एक बाई नव्हे. भोसरीच्या गावठाणात ती आहे, मोशीत आहे, चिखलीत आहे, पुढं खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजेपर्यंत आहे. मी जिच्याकडे भाड्यानं राहिलो ती त्यातलीच एक. तिचं नाव इथं देत नाही. छापून आलेलं कळलं तर ती पहिल्यांदा विचारील, "किती पैसं घेत्यात छापायचं?" आणि काहीच घेत नाहीत म्हटल्यावर, "मग त्येंचं भागतं कसं?"

तिचं वय सांगायची पद्धतही पट्ट्यातली आहे. "पानशेत फुटलं तवा माझं लगीन झालं हुतं." पानशेत फुटलं १२ जुलै १९६१ रोजी. लग्न चौदाव्या वर्षी झालं असं धरलं की गणित जमतं. आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी आहे. गल्लीतल्या बहुतेक आज्या १ जानेवारीच्याच. तारीख न सांगता नुसतं वय सांगितलं की यंत्र सगळ्यांना वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्माला घालतं.

तिच्या घरात पैसा आला तो तिला न विचारता. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिन करायला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली आणि ज्या माळावर शेळ्या चरायच्या तिथं खुणेचे दगड रोवले गेले. टेल्को आली, बजाज आली. १९७० साली चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका. पुढं चाकणची पाळी : १९९९ मध्ये बजाजचा कारखाना, २००९ मध्ये फोक्सवॅगन, मग महिंद्रा. बाजरीच्या रानात जर्मन साहेब हेल्मेट घालून हिंडू लागला. जमिनी गेल्या, पैसे आले, काहींचे आले तसे गेले. नवनगर विकास प्राधिकरणात ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांच्या तोंडी 'साडेबारा टक्के' हा शब्द असा बसलाय की पोरं पाढे म्हणताना बारानंतर तोच म्हणतील. घेतलेल्या जमिनीपैकी तेवढी विकसित करून परत मिळायची, असं ते प्रकरण. त्याच्या फायली बापाकडून मुलाकडं आल्या, मुलाकडून नातवाकडं चालल्यात.

प्राधिकरण स्थापन झालं १९७२ साली, आणि त्याच साली दुष्काळ पडला. आजीला प्राधिकरणाचा नकाशा आठवत नाही, मिलोची चव मात्र आठवते. रेशनवर आलेली ती लाल ज्वारी, रोजगार हमीवर फोडलेली खडी, मुलांना वाटलेली सुकडी. तिची सगळी अर्थनीती त्या एका वर्षात ठरली. पुढं उदारीकरण आलं, मॉल आले, हप्त्यावर मोबाईल आले, पण धोरणात दुरुस्ती करावी असं तिला काही वाटलं नाही.

आता तिच्या नावावर एक तीन मजली इमारत आहे, खालच्या दोन मजल्यांवर ओळीनं खोल्या आणि खोलीत पोरं. पोरांना ती नावानं हाक मारत नाही, जिल्ह्यानं मारते. "ए लातूर, नळ बंद कर." "जळगाव, तुझा डबा आला." एका खोलीत दोन बीडकर असले तर मोठं बीड आणि धाकटं बीड. ओडिशाहून आलेला एक मुलगा होता. ते नाव तिला जमेना, म्हणून तिनं त्याला त्याच्या शिफ्टचं नाव दिलं. पुढं त्याची पहिली पाळी झाली तरी गल्लीत तो "नाईट"च राहिला.

तिचा दिवस साडेचारला सुरू होतो. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून पाणी दिवसाआड येतं. लोकांनी त्यावर मोर्चे काढले, निवेदनं दिली. आजीनं वेळापत्रक बसवलं. पाण्याचा दिवस आणि बिनपाण्याचा दिवस अशी तिच्या आठवड्याची विभागणी आहे, वार तिला बाजारापुरते लागतात. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला, भाजी धुतलेलं तुळशीला, कपड्याचं शेवटचं पाणी जिन्याला. जिन्यावरून ते शेजाऱ्याच्या पार्किंगमध्ये उतरतं. तिथून पुढं ते तिच्या हिशेबात नाही, शेजाऱ्याच्या आहे, आणि तो त्याबद्दल बोलतोही.

वीज हा स्वतंत्र विषय आहे. प्रत्येक खोलीला सबमीटर, आणि सबमीटरला तिचे डोळे. अक्षरओळख नाही, पण आकडे येतात. आकडे येणं आणि वाचता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तिच्याकडं कळलं. चकती जोरात फिरली की ती जिन्यातूनच ओरडते, "तीन नंबर, कॉईल काढ!" आत पोरगं नुकतंच अंघोळीच्या पाण्यात हीटर सोडून बसलेलं असतं. नवे मीटर आले, चकती गेली, लाल दिवा लुकलुकू लागला. आठवड्याभरात तिनं लुकलुकण्याचा वेगही ओळखायला घेतला.

गुरुवारी पट्ट्यातल्या पुष्कळ कारखान्यांना सुट्टी असते. रस्ते मोकळे, चहाच्या टपऱ्या ओस, पोरं दुपारपर्यंत झोपलेली. आजीला गुरुवार आवडत नाही. "सगळी घरात पडून ऱ्हात्यात, पंखं फिरत ऱ्हात्यात."

पण तिचं तर्कशास्त्र खरं पाहायचं तर एसटीत पाहावं. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना राज्यभर एसटीचा प्रवास फुकट झाला. तोवर आजी कुणी विचारलं की सत्तर सांगायची. त्या आठवड्यात तिला आपलं खरं वय आठवलं. पानशेतच्या साक्षीला गल्लीतली आणखी एक म्हातारी उभी राहिली, आधार कार्ड पिशवीतून बाहेर आलं, आणि तेव्हापासून ती नाशिक रस्त्यानं राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव करत असते. तिकडं बहीण आहे, भाच्या आहेत, आणि नसल्या तरी बाजार आहे. नारायणगावाहून टोमॅटो आणते. घरी दारात तीन गाड्या उभ्या. नातू कळवळून म्हणतो, "आजी, मी सोडतो ना गाडीनं." त्यावर तिचं ठरलेलं उत्तर : "तू माझ्यापायी जाणार. येष्टी तशी बी जाणारच हाय."

हे वाक्य मी एका अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना ऐकवलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, याच मुद्द्यावर आम्ही बी.ए.च्या पोरांना एक अख्खं प्रकरण शिकवतो आणि तरी ते परीक्षेत चुकतात. शहरातल्या बसला मात्र ती सवलत नाही. त्यामुळं भोसरीतून वल्लभनगरच्या एसटी स्टँडपर्यंत आजी चालत जाते. तिकडं शंभर किलोमीटर फुकट आणि इकडं चार किलोमीटरला पैसे, हे तिला पटत नाही, आणि जे पटत नाही त्यात ती बसत नाही.

आता तिच्या सामानाकडं येऊ, कारण खरा मजकूर तिथं आहे.

गच्चीवर बंब आहे. त्यात जळतं ते कंपन्यांचं पॅकिंग. परदेशातून यंत्रं येतात ती देवदाराच्या फळ्यांच्या खोक्यांतून, आणि ती खोकी पट्ट्यात सरपण म्हणून विकली जातात. फळीवर परदेशी अक्षरं, एक बाण आणि फुटक्या पेल्याचं चित्र. युरोपातल्या कुठल्याशा जंगलात वाढलेलं झाड समुद्र ओलांडून चाकणला येतं आणि आजीच्या अंघोळीच्या पाण्याला कढ आणून राख होतं. राखेनं भांडी घासली जातात. फळीतले खिळे आधी काढून, ठोकून सरळ करून, डब्यात. कूलंटच्या रिकाम्या ड्रममध्ये तुळस. पापड वाळत घातले की कोपऱ्यांवर बेअरिंगच्या कड्या. म्हशीच्या गोठ्यावर २०१७ च्या महापालिका निवडणुकीतला फ्लेक्स. त्यावरचे उमेदवार हात जोडून म्हशीकडं बघतात. पावसात त्यांनी गोठा कोरडा ठेवलाय, आणि वॉर्डात एवढं काम केल्याचं आजीला दुसऱ्या कुणाचं आठवत नाही.

सगळ्यांत मोठी वस्तू म्हणजे गोधडी. पट्ट्यातल्या इतर आज्यांच्या गोधड्या जुन्या लुगड्यांच्या असतात. हिची भाडेकरूंच्या युनिफॉर्मची आहे. खोली सोडून जाताना पोरं जुने कपडे टाकून जातात. कंपनी बदलली की तो शर्ट दुसऱ्या कुठं घालता येत नाही आणि गावी नेला तर बाप विचारतो की सोडली का नोकरी. आजी ते धुऊन, उसवून, चौकोन करून ठेवते. खाकी, आकाशी, राखाडी, गर्द निळा, एक ओळ मेंदीच्या रंगाची. मधे मधे ग्रीसचा डाग, तो धुऊन जात नाही, आणि डाग आहे म्हणून कापड टाकायचं हे तिच्या शास्त्रात नाही. हाताचा टाका एकसारखा, उंदराच्या दाताएवढा. तिला अक्षर येत नाही, पण कुठल्याही चौकोनावर बोट ठेवा, ती सांगते : "ह्यो बंद पडलेल्या फौंड्रीतला. ह्यो परमनंट झाला, आता त्येचा चऱ्होलीला फ्लॅट हाय. ह्याला सहा म्हयन्यांनी ब्रेक दिला, रडत गेला. ह्याचं बोट गेलं प्रेसमधी." या पट्ट्याच्या कामगार चळवळीवर आणि कंत्राटी भरतीवर लिहिलेली पुस्तकं आहेत, ती मी वाचलीत. बोट ठेवून उत्तर देणारं पुस्तक हे एकच.

आणि त्या गोधडीला खिसा आहे. एका शर्टाचा वरचा खिसा तिनं उसवलाच नाही, बटणासकट ठेवला. झोपताना छातीवर येईल अशा ठिकाणी. त्यात चष्मा, मिश्रीची डबी आणि त्या महिन्याचं भाडं.

पट्ट्यातल्या प्रत्येक कारखान्यात हल्ली भिंतीवर जपानी शब्दांचा तक्ता असतो. कायझेन, कानबान, फाइव्ह एस. माणसाला वाटेल, काटकसरीचं हे जपानी शास्त्र आणि आमची आजी यांचं गोत्र एकच. व्हॉट्सअॅपवर तसं लिहून येतंही, 'आमची आजी हीच खरी मॅनेजमेंट गुरू' वगैरे. साफ खोटं आहे. आजीला कुठल्याही कंपनीत या शास्त्राच्या परीक्षेला बसवा, पहिल्याच पायरीवर नापास होईल. फाइव्ह एसमधली पहिली पायरी सेइरी : नको असलेली वस्तू ओळखा, तिला लाल टॅग लावा आणि जागेवरून हलवा. आजीच्या घरात नको असलेली वस्तूच नाही. दुधाच्या पिशव्या धुऊन वाळवलेल्या, त्या एका मोठ्या पिशवीत, अशा मोठ्या पिशव्या आणखी एका पोत्यात. काजू कतलीचा डबा सुयांसाठी, सुयांचा जुना डबा बटणांसाठी. दोन नंबरच्या खोलीतला जळगाव त्याच्या कंपनीत फाइव्ह एसच्या कमिटीवर होता. तो एकदा चेष्टेनं म्हणाला, आजी, तुमच्या घराला लाल टॅग लावायला बसलो तर महिना लागेल. आजीनं विचारलं, "टॅगाला दोरा असतोय का?" त्यानं हो म्हटलं. "मग आण. मेथीच्या जुड्या बांधाय व्हतील."

आणि ते 'जस्ट इन टाइम'. माल साठवू नका, लागेल तेव्हा, लागेल तेवढाच मागवा. कागदावर फार सुंदर आहे. प्रत्यक्षात तो माल चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरमध्ये बसून हॉर्न ऐकत असतो. आजीची साठवण कधी चौकात अडकली नाही. बरणीत वर्षाची हळद, कणगीत बाजरी, फडताळात सहा महिन्यांचं गोडंतेल. साठा म्हणजे नासाडी असं जपान म्हणतं. साठा म्हणजे झोप असं आजी म्हणते. जपाननं मिलो खाल्ला नव्हता.

मेथीचा उल्लेख आला म्हणून त्या तीन गुंठ्यांचंही सांगायला हवं. एका बाजूला सोसायटीची संरक्षक भिंत, दुसऱ्या बाजूला फॅब्रिकेशनची शेड, मधे आजीचं रान. एवढंच उरलंय. त्यात मेथी, कोथिंबीर, बांधाला चार वांगी. पहाटे काढून ती सात वाजता सोसायटीच्या गेटवर बसते. खाली पोतं, पोत्याखाली काही नाही. ज्यांच्या पायाखालची जमीन एकेकाळी तिची होती ते लोक जॉगिंग करून येतात आणि विचारतात, "आजी, ऑरगॅनिक आहे का?"

"काय हाय?"

"म्हणजे खत-औषध नाही ना मारलं?"

"परवडतंय व्हय औषध मारायला."

मग ते खूश होऊन दहा रुपये जास्त देतात आणि आपापसात म्हणतात की किती साधी आहे ना, या वयातही पोटासाठी कष्ट करावे लागतात बिचारीला. बिचारी पाच मिनिटांनी जुड्या संपवून उठते आणि महिन्याचं भाडं गोळा करायला निघते. त्या भाड्याच्या बेरजेपुढं जॉगिंगवाल्यांपैकी काहींचा पगार लाजेल.

म्हणून तिच्या नम्रतेबद्दल थोडं सावधगिरीनं लिहायला हवं. नम्र ती आहेच. लग्नात खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसते. तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला आली की दर्शनाच्या रांगेत ती मधे घुसत नाही, आणि कुणी घुसला तर त्याला "माउली, फुडं व्हा" म्हणते, अशा आवाजात की तो मुकाट्यानं मागं जातो. पण "आमी अडाणी मान्सं, आमाला काय कळतंय" हे वाक्य तिनं उच्चारलं की समोरच्यानं खिसा सांभाळावा. खोली बघायला आलेल्या पोरापुढं ती याच वाक्यानं सुरुवात करते. चहा होईपर्यंत तिला कळलेलं असतं : पगार किती, हातात किती, परमनंट की कंत्राटी, किती जण राहणार म्हणतात आणि खरे किती राहणार, स्वयंपाक करणार का, गावी जमीन किती, बहिणीचं लग्न झालंय का. पोराला एवढंच कळलेलं असतं की आजी अडाणी आहे.

त्या तीन गुंठ्यांसाठी बिल्डर येतात. १६६० साली चाकणचा संग्रामदुर्ग फिरंगोजी नरसाळ्यानं शायिस्ताखानाच्या फौजेपुढं पन्नासहून जास्त दिवस झुंजवला, हे शाळेत शिकवतात. आजीनं तीन गुंठे किती दिवाळ्या झुंजवलेत ते शाळेत शिकवत नाहीत. वर उल्लेख केलेली काजू कतली एका बिल्डरानंच आणली होती. तिनं त्याला बसायला पोतं दिलं, ताक दिलं, आपण किती अडाणी आहोत ते सांगितलं, त्याच्या आईची चौकशी केली, आणि निघताना मेथीची जुडी घ्यायला लावली. पैसे घेऊन. नातवाला मात्र सगळंच विकून मोकळं व्हायचं असतं. त्याचं लक्ष बैलांत. २०१४ साली बंद पडलेल्या बैलगाडा शर्यती डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा खुल्या केल्या, तेव्हापासून घरात एक खोंड आहे आणि त्याच्या खुराकात दूध, अंडी, उडीद आहे. आजी त्याला रोज चारते, अंगावरून हात फिरवते आणि म्हणते, "खा बाबा. नांगराला तर जायचं न्हाई तुला."

साधेपणाला कधी कधी प्रसिद्धीही मिळते. तसं एक मोठं उदाहरण याच पट्ट्यातून निघालं. १९७४ साली टेल्कोच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलं होतं, ते वाचून चिडलेल्या एका मुलीनं थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि इथल्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून रुजू झाली. त्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ती. काशीला जाऊन त्यांनी साड्यांची खरेदी सोडली, हे आता घरोघर ठाऊक आहे. मला त्या पोस्टकार्डाचं कौतुक साडीपेक्षा जास्त वाटतं. आजीला ही गोष्ट सांगितली. साडीचं ऐकून ती म्हणाली, "सोडली म्हंजी आधी घेत हुती." पोस्टकार्डाचं ऐकून मात्र तिचे डोळे चमकले. "एका कारडात नौकरी? बरं झालं, पाकीट न्हाई घेतलं."

तिला कंजूष म्हणावं का, हा प्रश्न सुनेला विचारू नये. सून बोलायला लागली की थांबत नाही आणि तिचंही खरं आहे. एसीचा रिमोट आजीच्या ट्रंकेत. पाहुण्यांच्या कपात चहा, घरच्यांना पेल्यात, कारण कप फुटतात. फ्रीजमध्ये परवाची आमटी 'आजच्यापेक्षा मुरलेली' म्हणून आज पानात. तिचं कौतुक करणारे सगळे दुसऱ्या स्वयंपाकघरात जेवतात, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो. महिला दिनाला नातवानं तिचा फोटो स्टेटसला ठेवला, खाली 'माझी प्रेरणा' असं लिहून. ती प्रेरणा त्या वेळी जिना पुसत होती आणि तो तिनं पुसलेल्या पायरीवर बसून फोटो टाकत होता.

पण २०२० च्या मार्चमध्ये काय झालं तेही मी पाहिलं. कंपन्या बंद, गाड्या बंद, पोरं खोलीत. एप्रिलमध्ये सरकारनं घरमालकांना सल्ला दिला की भाडेवसुली तीन महिने पुढं ढकला. तो सल्ला आजीपर्यंत पोचला नाही, कारण ती तेव्हा भाकरी थापत होती. रोज दोन पायल्यांचं पीठ. कणगीतली बाजरी, बरणीतली हळद, चुलीत परदेशी फळ्या. लातूर, मोठं बीड, धाकटं बीड, जळगाव आणि नाईट ओळीनं जिन्यावर, एकेक पायरी सोडून. नाईटला भाकरी मोडता येईना, त्याला भात. त्या बंदच्या महिन्यांचं भाडं तिनं माफ केलं असं कुणाला वाटलं असेल तर तसं नाही. कालनिर्णयाच्या पानावर प्रत्येक खोलीपुढं तिनं रेघा ओढून ठेवल्या आणि कंपन्या सुरू झाल्यावर महिन्याला पाचशे असं करून एकेक रेघ खोडत आणली. भाकऱ्यांच्या रेघा तिनं ओढल्या नव्हत्या. धाकट्या बीडानं विचारलं तर म्हणाली, "जवारी-बाजरीचं भाडं घेत्यात व्हय?"

बाकी, खोली शोधत या पट्ट्यात येणाऱ्या वाचकांसाठी एवढंच. गुरुवारी जाऊ नका, आधीच घरात पंखे फिरत असल्यानं ती वैतागलेली असते. पाण्याच्या दिवशी सकाळी नऊनंतर जा. चपला दाराबाहेर, एकावर एक न ठेवता. मोबाईल चार्जिंगला लावू का, असं पहिल्या भेटीत विचारू नका. गाव कुठलं विचारलं तर जिल्हा स्पष्ट सांगा, पुढं तेच तुमचं नाव आहे. जुने युनिफॉर्म असतील तर सांगून ठेवा, डिपॉझिटमध्ये थोडं जमवून घेते. आणि "आजी, तुम्ही किती साध्या राहता हो" असं मात्र चुकूनही म्हणू नका. मी म्हणालो होतो. भाडं शंभर रुपयांनी वाढलं.